वस्तु दिसते, हात दिसत नाहीं

इ. स. १८९३ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील शिकागो शहरीं जें जगत्प्रदर्शन भरलें, त्याचें नांव आपल्याकडे सुशिक्षित घरांतून सर्वांस ठाऊक आहे. कारण स्वामी विवेकानंदांचें व्याख्यान जिच्यांत झालें ती सर्वधर्मपरिषद् याच प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली होती. परंतु ता. १ मेपासून ३० ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या त्या प्रचंड मेळ्यांत आयर्लंडचीं दोन खेडीं उभारलीं होतीं व तेथें आयरिश मुली लेस विणून दाखवीत होत्या. आणि त्याच मेळ्यांत धोतर नेसलेला एक मराठी ब्राह्मण नखानें उठविलेलीं चित्रें विकीत होता, ही हकीकत फार थोड्यांच्या वाचनांत आली असेल. हस्तकलांच्या प्रदर्शनांचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या, असें मला वाटतें. प्रदर्शनांत वस्तु दिसते. ती करणारा हात तेथें किती दिसतो, आणि त्या हाताला काय मिळतें, हा प्रश्न दोन्ही देशांना सारखाच लागू आहे.

आयर्लंडचीं हीं खेडीं शिकागोस कां गेलीं हें कळण्यास थोडें मागें जावें लागेल. आयर्लंडांतील लोंकरीच्या कापडाची परदेशीं निर्गत इंग्लंडच्या पार्लमेंटानें १६९९ सालीं कायद्यानें बंद केली. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १७०० सालीं, हिंदुस्थानांतून येणाऱ्या रंगीत व छापील कापडाचा वापर इंग्लंडांत बंद करणारा कायदा त्याच पार्लमेंटानें केला. एका राष्ट्राची लोंकर व दुसऱ्या राष्ट्राचा कापूस, दोहोंवर एकाच हातानें एकाच सुमारास घाव घातला गेला, ही गोष्ट आमच्या शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या इंग्लंडच्या इतिहासांत सहसा आढळत नाहीं. पुढें १७२० सालीं जोनाथन स्विफ्ट यानें आयरिश लोकांनीं आयरिश मालच वापरावा असें सांगणारें एक लहानसें पुस्तक निनांवी प्रसिद्ध केलें. सरकारनें त्याच्या छापणाऱ्यावर खटला भरला. पंचांनीं त्याला निर्दोषी ठरविलें. तेव्हां न्यायाधीशानें पंचांना पुन्हां विचार करण्यास म्हणून एकदां नव्हे, नऊ वेळां परत पाठविलें! आपल्याकडे स्वदेशीची चळवळ बंगालच्या फाळणीपासून मोजण्याची चाल आहे. पण तिचा हा वडील भाऊ तिच्याहून जवळजवळ दोनशें वर्षांनीं मोठा आहे.

यानंतर १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो दुष्काळ आला त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच देश सोडून गेलीं. आयरिश लेसचा खरा जन्म या दुष्काळांत झाला आहे. युघाल गांवच्या मठांतील मदर मेरी ॲन स्मिथ या भगिनीनें जुन्या इटालियन लेसचा एक तुकडा धागा धागा उसवून त्याची वीण शोधून काढली व ती गांवच्या मुलींना शिकविली. क्लोन्स येथें कॅसांड्रा हँड या पाद्रीणबाईनें १८४७ सालीं क्रोशाचें काम सुरू केलें. पुढें युरोपांतील धनिक स्त्रिया आपल्या गळ्याभोंवतीं जी नाजूक जाळी मिरवूं लागल्या, ती उपाशी घरांतील मुलींनीं एका आंकडीनें व एका दोऱ्यानें विणलेली होती. पानाफुलांच्या त्या नक्षींत दुष्काळाचें चिन्ह कोठेंही दिसत नाहीं. वस्तु आपल्या करणाऱ्याविषयीं किती मौन पाळूं शकते याचें याहून बोलकें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

दुष्काळ ओसरला तरी पश्चिम आयर्लंडचें दारिद्र्य ओसरलें नाहीं. १८८३ सालीं ॲलिस हार्ट ही इंग्रज बाई डोनेगॉल परगण्यांत फिरून आली आणि तेथील विणकरांना व भरतकाम करणाऱ्या स्त्रियांना गिऱ्हाईक मिळावें म्हणून तिनें 'डोनेगॉल इंडस्ट्रियल फंड' काढला. १८८६ सालीं आयर्लंडच्या व्हाइसरॉयाची पत्नी लेडी ॲबर्डीन हिनें याच हेतूनें दुसरी संस्था स्थापन केली. या दोघी बायांनीं शिकागोस आपापलें निराळें खेडें उभारलें. लेडी ॲबर्डीनच्या खेड्यांत ब्लार्नीच्या किल्ल्याची प्रतिकृति होती, हार्टबाईच्या खेड्यांत डोनेगॉलच्या किल्ल्याची. आंत गवताच्या छपराच्या झोंपड्या होत्या. कोणी चरखा फिरवीत होती, कोणी लेस विणीत होती, कोणी लोणी काढीत होती. अमेरिकेंत जाऊन स्थायिक झालेले लक्षावधि आयरिश लोक आईबापांच्या तोंडून ऐकलेला देश पाहण्यास तेथें जात, पैसे देऊन आंत शिरत, आणि जातांना रुमालाची एखादी पट्टी विकत घेऊन जात.

या दोन बायांचा हेतु शुद्ध होता यांत शंका नाहीं. त्यांच्या खटपटीनें कित्येक घरांत चूल पेटली, हेंही खरें. परंतु शिकागोंतील ती स्वच्छ झोंपडी आणि डोनेगॉलांतील खरी झोंपडी यांच्यामध्यें एक मोठा पदार्थ होता, तो म्हणजे गांवचा वाणी. पायमोजे विणणाऱ्या स्त्रियांना लोंकर देणारा तोच, तयार माल घेणारा तोच, आणि मजुरीही तो बहुधा रोख देत नसे. चहा, साखर, पीठ यांच्या रूपानें देई, व त्यांचा भावही तोच ठरवी. आठवडाभर विणून बाईच्या हातीं चहाची पुडी येई, आणि वहींतील देणें होतें तेवढेंच राही. अशा रीतीनें मजुरी देण्यास कायद्याची मनाई होती. पण कायदा डब्लिनला व लंडनला होता, वही मात्र वाण्याच्या दुकानांत होती. आमच्या वऱ्हाडांतील कास्तकाराला सावकाराच्या वहीचा जो अनुभव आहे, त्यावरून त्याला ही कथा परकी वाटणार नाहीं.

ही गांठ प्रदर्शनानें सुटली नाहीं. ती सोडविण्याचे खरे प्रयत्न दोन दिशांनीं झाले. १८९१ सालीं स्थापन झालेल्या सरकारी मंडळानें डोनेगॉलांतील आर्डारा येथें घरगुती विणलेल्या लोंकरी कापडाची तपासणी सुरू केली. चांगल्या ठाणावर शिक्का बसूं लागला आणि विणकराला आपल्या मालाची किंमत वाण्याच्या तोंडाकडे न पाहतां कळूं लागली. दुसरीकडे होरेस प्लंकेट यानें १८९४ सालीं सहकारी संस्थांची मध्यवर्ती संस्था काढली. आणि १९०६ सालीं डंग्लो गांवच्या पॅट्रिक गॅलाहर नांवाच्या शेतकऱ्यानें, जो लहानपणीं मजुरीसाठीं स्कॉटलंडपर्यंत गेला होता, शेजाऱ्यांना जमवून टेंपलक्रोन येथील सहकारी संस्था स्थापन केली. तिनें पुढें विणकामाचा लहानसा कारखाना काढला व मुलींना मजुरी रोख दिली. शिकागोच्या खेड्याला लक्षावधि लोकांनीं भेट दिली, गॅलाहरच्या दुकानाला परगण्याबाहेरचें फारसें कोणी गेलें नसेल. पण विणणारीच्या हातांत नाणें पडलें तें या दुकानांत.

आतां त्या मराठी ब्राह्मणाकडे वळूं. त्याची हकीकत विवेकानंदांनीं २० ऑगस्ट १८९३ रोजीं मद्रासकडील आपल्या शिष्यास लिहिलेल्या पत्रांत आहे. त्या वेळीं कपूरथळ्याचे महाराज शिकागोस आले होते आणि तेथील श्रीमंत समाज त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होता. नखचित्रें विकणाऱ्या आमच्या या तऱ्हेवाईक गृहस्थानें वार्ताहरांना गांठून महाराजांविषयीं नाहीं नाहीं तें ऐकविलें. हे राजे म्हणजे निव्वळ गुलाम आहेत, असाही शेरा मारला. वार्ताहरांना मजकूर तर पाहिजे होता. पण तो एका चित्रें विकणाऱ्याचा म्हणून छापल्यास त्यास वजन येईना. म्हणून दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत तीं सर्व वाक्यें हिंदुस्थानांतून आलेल्या एका ज्ञानी पुरुषाच्या, म्हणजे विवेकानंदांच्या, तोंडीं घातलेलीं दिसलीं! 

या प्रसंगाकडे आजवर विवेकानंदांच्या चरित्रांतील एक गंमत म्हणून पाहिलें गेलें. त्यांत आणखी एक अर्थ आहे. त्या मनुष्याचें बोलणें तिखट होतें, पुष्कळसें अन्यायाचेंही होतें. परंतु तें त्याचें होतें. आयरिश मुलींच्या भोंवतीं किल्ला व झोंपडी उभी करून त्यांना निदान एक देश तरी देण्यांत आला होता. हा मनुष्य आपल्या मालासह एकटाच उभा होता. ज्या प्रदर्शनांत त्याचें चित्र विकलें जात होतें, तेथें त्याचे शब्द मात्र दुसऱ्याच्या नांवानें विकले गेले. त्या पत्रांत त्याचें नांव नाहीं. तो महाराष्ट्रांतील कोणत्या गांवचा, समुद्र ओलांडून तेथवर कोणत्या पैशानें गेला, याचा तेथें मागमूस नाहीं. त्याच्या हाताची वस्तु कोणाच्या तरी दिवाणखान्यांत गेली असेल. हात इतिहासांतून नाहींसा झाला.

आपल्या देशांतील प्रदर्शनांचा आरंभ तरी याहून निराळा झाला काय? मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकीर्दींत, डिसेंबर १८६५ मध्यें, नागपुरास कला, कारागिरी व शेतीचा माल यांचें मोठें प्रदर्शन भरलें. राज्यकर्त्यांच्या दृष्टीनें ती नव्या प्रांताची जिनसवार यादी होती. त्याच्या दुसऱ्याच वर्षीं फोर्ब्स वॉटसन यानें लंडनांत हिंदी कापडाच्या सातशें नमुन्यांचा संग्रह अठरा खंडांत बांधून तयार केला. त्याचे वीस संच केले. त्यांपैकीं तेरा ब्रिटनमधील शहरांना दिले, सात हिंदुस्थानांत ठेवले. धोतर किती लांब असतें, लुगड्याचे कांठ कसे असतात, पागोट्याचें सूत किती बारीक असतें, हें तेथील गिरणीवाल्यांना घरबसल्या हात लावून पाहतां यावें, व तसा माल काढून इकडे विकतां यावा, हा त्याचा उघड हेतु होता. विणकरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या अशा रीतीनें कातरून पुठ्ठ्यावर चिकटविली गेली. १८८६ सालीं लंडनास जें वसाहतींचें व हिंदुस्थानचें प्रदर्शन झालें, त्यांत प्रत्यक्ष काम करून दाखविणारे हिंदी कारागीरही नेले होते. प्रेक्षकांना ते पुरातन ग्रामजीवनाचे प्रतिनिधि म्हणून दाखविण्यांत आले. वास्तविक त्यांतील पुष्कळजण आग्र्याच्या तुरुंगांत काम शिकलेले होते. हात दाखविला तोही खोट्या नांवानें!

वऱ्हाडच्या वाचकाला या इतिहासाची झळ अधिक जवळून जाणवेल. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत आलें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंतील यादवीमुळें लँकेशायरला तिकडील कापूस मिळेना, तेव्हां वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकीं जगाच्या बाजारांत भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. तिनें इकडून गांठी नेल्या आणि तिकडून कापड आणलें. घरोघर सूत कांतणाऱ्या बाया आणि गांवोगांवचे कोष्टी यांना शेतमजुरी उरली. कापूस ज्या शेतांत पिकला, त्याच्या बांधावरच्या माणसाच्या अंगावरचें कापड सात समुद्रांपलीकडून येऊं लागलें. आणि हा व्यवहार इतका सवयीचा झाला कीं त्यांत कांहीं विपरीत आहे असेंही कोणाला वाटेना.

तें विपरीत आहे असें ज्यांना वाटलें, त्यांत पुण्याच्या गणेश वासुदेव जोश्यांचें, म्हणजे सार्वजनिक काकांचें, नांव आधीं घेतलें पाहिजे. १८७७ सालच्या दिल्ली दरबारास ते खादीचा पोषाख करून गेले. जेथें सर्व हिंदुस्थानांतील राजेरजवाडे भरजरी वस्त्रांनीं झळकत होते, त्या प्रदर्शनांत (कारण दरबार हेंही एक प्रदर्शनच होतें) हा एक मनुष्य आपल्या अंगावर हाताचें काम घालून उभा राहिला. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनीं, डिसेंबर १९३६ मध्यें, खानदेशांतील फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. तेथील खादी व ग्रामोद्योगांचें प्रदर्शन गांधीजींनीं उघडलें. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनीं त्या नगराची सजावट बांबू, चटया, टोपल्या अशा खेड्यांतच मिळणाऱ्या सामानानें केली होती. खेड्याचें चित्र करून शहरांत नेण्याऐवजीं शहरच्या लोकांना खेड्यांत आणलें गेलें, हा शिकागोच्या उलट मार्ग होता.

तथापि माझ्या मतें या सर्व इतिहासांतील मोठी घटना फैजपूरच्या एक वर्ष आधीं घडली, आणि ती कोणत्याही मंडपांत घडली नाहीं. १९३५ सालीं चरखा संघानें असा ठराव केला कीं, आठ तास नीट काम करणाऱ्या कांतणारीला अंगभर वस्त्र व शास्त्राप्रमाणें पुरेसें अन्न मिळेल इतकी मजुरी मिळाली पाहिजे. तोंवर खादी शक्य तितकी स्वस्त करण्याकडे कार्यकर्त्यांचा कल होता, आणि ती स्वस्ताई शेवटीं कांतणाऱ्या बाईच्या पोटांतून निघत होती. ठरावाला विरोध झाला. मजुरी वाढविली तर खादी महाग होईल, महाग झाली तर गिऱ्हाईक तुटेल, आणि मग त्या बाईला आहे तेंही मिळणार नाहीं, हें म्हणणें कांहीं वावगें नव्हतें; आजही प्रत्येक हातमागाच्या दुकानांत तेंच ऐकूं येतें. परंतु देशसेवेचें वस्त्र उपाशी हातांनीं विणलें जावें, ही विसंगति गांधीजींना सोसेना. वर्ध्याजवळ नालवाडीस विनोबांनीं स्वतः रोज तासन्‌तास कांतून, कांतणारीच्या मजुरींत पोट कसें भरतें याचा अनुभव घेतला. प्रेक्षक म्हणून हाताकडे पाहणें निराळें आणि त्या हाताच्या मजुरीवर जेवणें निराळें. पुढें ३० डिसेंबर १९३८ रोजीं वर्ध्यास मगन संग्रहालय उघडलें गेलें. कुमारप्पांच्या देखरेखीखालीं चालणाऱ्या ग्रामोद्योग संघाचें तें कायमचें प्रदर्शन होय. तें आजही पाहतां येतें.

योगायोग असा कीं, त्याच १९३५ सालीं डब्लिनमध्यें म्यूरिअल गहन या बाईनें घरगुती विणकामाच्या रक्षणासाठीं एक संस्था स्थापन केली. त्याआधीं १९३० पासून ती शहरांत 'कंट्री शॉप' चालवीत होती. तेथें चहा व जेवण मिळे, आणि खेड्यांतील विणकर, सुतार, बुरूड यांचा माल वाजवी भावानें विकला जाई. १७३१ सालीं स्थापन झालेल्या रॉयल डब्लिन सोसायटीच्या आवारांत दर उन्हाळ्यांत अश्वप्रदर्शन भरतें. त्या सोसायटीच्या कामांत हस्तकलांना मानाचें स्थान मिळवून देण्यांत या बाईचा वांटा मोठा आहे. स्वतंत्र झालेल्या आयर्लंडला किल्ल्याच्या प्रतिकृतीची गरज राहिली नव्हती.

एवढा प्रवास करून शेवटीं आमच्या मारेगांवास येऊं. आमचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत शेजारच्या वणीच्या नांवानें ओळखला जात असे. १९१६ सालीं रसेल व हिरालाल यांनीं मध्य प्रांतांतील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत कोलाम लोकांची वस्ती मुख्यतः याच वणी भागांत असल्याचें सांगितलें आहे. मारेगांव तालुक्यांतील पोडांवर हे लोक आजही राहतात. बांबूच्या टोपल्या, तट्टे, कणग्या करण्यांत त्यांचा हात वाकबगार आहे, आणि त्यांच्या टोपल्या शहरांतील आदिवासी कलांच्या प्रदर्शनांतून मांडलेल्या आपण पाहतों. टोपली हातांत घेऊन आपण तिची वीण वाखाणतों. पण टोपलीचा इतिहास विणीपासून सुरू होत नाहीं, बांबू तोडण्यापासून होतो.

वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हें गवत आहे. परंतु १९२७ च्या वनकायद्यानें झाडाच्या व्याख्येंत बांबूही घातला. त्यामुळें ज्या रानांत कोलामाच्या आजानें बांबू कापला, त्याच रानांतला बांबू नातवानें कापला तर तो सरकारी झाडावर कुऱ्हाड चालविणारा ठरे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें बांबूला गौण वनोपज मानून त्यावर रानांत राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. तरी कायद्यांतील हक्क हातीं पडण्यास काळ लागला. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा गांवानें चिकाटीनें भांडून २०११ सालच्या एप्रिलमध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने आपल्या ग्रामसभेच्या हातीं घेतले, तेव्हां तें देशभर गाजलें. एका गांवानें आपल्याच रानांतील गवत विकण्याचा अधिकार मिळविला, ही बातमी होण्याजोगी गोष्ट ठरली! १९२७ च्या व्याख्येंतून 'बांबू' हा शब्द वगळला गेला तो २०१७ सालीं, म्हणजे नव्वद वर्षांनीं. आणि त्याचाही मुख्य उपयोग वनाबाहेर बांबू लावणाऱ्यांना झाला.

आयरिश विणकरणीच्या वाटेंत जी वही होती, ती कोलामाच्या वाटेंत परवाना म्हणून उभी राहिली. दोघांच्याही मालाचें कौतुक झालें, दोघांनाही प्रदर्शनांत मानाची जागा मिळाली. आणि वही कोणाची व परवाना कोणाचा, हें ज्या दिवशीं बदललें त्याच दिवशीं खरा पालट झाला. यावरून प्रदर्शनें भरवूं नयेत असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं. प्रदर्शन नसतें तर डोनेगॉलचें कापड डोनेगॉलबाहेर कोणी पाहिलें नसतें, आणि कोलामांची टोपली वणीच्या बाजारापुढें गेली नसती. मात्र आपण सुशिक्षित मंडळी मुलांबाळांसह अशा ठिकाणीं जातों, तेव्हां वस्तूवर लावलेल्या किंमतीच्या चिठ्ठीपाशींच आपली जिज्ञासा संपूं नये. या किंमतींतून विणणाराच्या हातीं किती पडलें, आणि त्याचा कच्चा माल कोणाच्या परवानगीनें त्याच्या अंगणांत आला, एवढें तेथील व्यवस्थापकाला विचारण्यास कोणाची आडकाठी नाहीं. घासाघीस करण्यापूर्वीं हे दोन प्रश्न विचारण्याची चाल पडली, तर पुष्कळ वेळां घासाघीस करावीशी वाटणार नाहीं. आणि वस्तूखालीं जिल्ह्याचें व जमातीचें नांव जेथें लिहितात, तेथें करणाराचेंही नांव त्याच्या संमतीनें लिहिलें, तर शिकागोच्या त्या नखचित्रकाराची जी गत झाली ती पुढच्याची होणार नाहीं.